सोनखत आणि ते उपसणारे हात

मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. खताला सोने म्हणणाऱ्या याच समाजाने मैला वाहणाऱ्यांना मात्र अस्पृश्य ठरवले. तो प्रश्न आता नव्या रूपात आपल्या दारात येतो आहे.

दक्षिण-मध्य मुंबईचे बरेचसे सांडपाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रात जाते. तिथे आजवर जाळीने कचरा अडवून, रेती खाली बसवून पाणी सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडले गेले. त्यामुळे गाळ फारसा निघतच नव्हता. आता महापालिका सात नवी केंद्रे बांधते आहे. एकूण क्षमता दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर, त्यात एकट्या वरळीची ५००. तिथे जिवाणू पाणी शुद्ध करतील. आणि पाणी जितके स्वच्छ, तितका गाळ जास्त.

या गाळात नत्र आणि स्फुरद असते, सेंद्रिय कर्ब असतो. रासायनिक खताने थकलेल्या जमिनीला तो हवाच आहे. मुंबईला हे नवीनही नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात (आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय) मैलापाण्यावर शेती होई आणि १८९७ साली मैल्याच्या वायूवर इंजिनही चालले. गोबरगॅसच्या पुष्कळ आधी!

पण गाळात जंतांची अंडी असतात. ती मारायची तर ढीग पंचावन्न अंशांवर पुरेसे दिवस तापावा लागतो. कॅडमियम, शिसे मात्र उष्णतेने जात नाही. ते कारखान्यांच्या पाण्यातून येते आणि जमिनीत साचत राहते. म्हणून खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. अमेरिकेच्या मेन राज्याने तर २०२२ मध्ये, न विघटणाऱ्या रसायनांमुळे, शेतात गाळ टाकण्यावर बंदीच घातली.

आमच्या मते शेतकऱ्याइतकाच धोका गाळ हाताळणाऱ्याला आहे. वाळवताना, उलटताना, भरताना त्याची धूळ श्वासात जाते. हे काम कंत्राटावर गेले की कोणत्या वस्तीतली मुले तिथे दिसतील, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१३ चा कायदा असूनही गटारात माणसे मरतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली.

वरळीचे केंद्र सुरू झाले की माहिती अधिकारात दोन कागद मागा : गाळाच्या धातू-तपासणीचा अहवाल आणि गाळ उचलण्याच्या कंत्राटाची प्रत. कंत्राटात यंत्र, हातमोजे, मास्क आणि आरोग्य तपासणीची कलमे कुठे आहेत, ते आधी वाचा.