तोलामोलाची जोड

मार्गशीर्षात नांदेड-लातूर रस्त्यावरचं माळेगाव माणसांनी आणि जनावरांनी फुलून जातं. खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, लावण्या रंगतात आणि कुस्त्यांची दंगलही होते. हलगी कडाडते, शड्डू घुमतात. मात्र शड्डू ठोकण्याआधी एक काम उरकावं लागतं, ते म्हणजे जोड लावणं. कोणाला कोणाशी लढवायचं, यावर दंगलीचा सगळा रंग ठरतो. जोड तोलामोलाची लागली की माणसं जागची हलत नाहीत. एकतर्फी लागली की हलगीवाल्याचाही हात सैलावतो.

हे जोड लावणं किती जुनं आहे, याचा माग काढत गेलं की वाट थेट नाईल नदीच्या काठावर पोचते. इजिप्तमधल्या बेनी हसन इथं सुमारे 4000 वर्षांपूर्वी खोदलेल्या थडग्यांच्या भिंतींवर मल्लांच्या जोड्या रंगवलेल्या आहेत. बाकेत तिसरा या अधिकाऱ्याच्या एकाच थडग्यात त्या दोनशेहून अधिक आहेत. पट काढणं, उचलून आपटणं, खाली गेलेल्यावर स्वारी भरणं असे डाव तिथं ओळीनं दिसतात. गुंतलेले हातपाय नेमके कोणाचे, हे कळावं म्हणून चित्रकारानं जोडीतला एक मल्ल गडद आणि दुसरा फिकट रंगवला. आजच्या गादीवर एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा पोशाख देतात, तो याच गरजेपोटी.

ग्रीसमधल्या ऑलिंपियात इ.स.पू. 708 मध्ये कुस्तीचा समावेश झाला. तिथं जोड नशिबावर सोपवलेली असे. कलशातून चिठ्ठ्या काढायच्या आणि सारखं अक्षर आलेल्या दोघांनी भिडायचं. मुलं आणि प्रौढ असे गट होते, पण वजनाचा विचार नव्हता. आधुनिक ऑलिंपिकचाही आरंभ तसाच झाला. 1896 मध्ये अथेन्सला कुस्तीत एकच खुला गट होता. वजनगट आले ते 1904 मध्ये.

मराठवाड्याच्या शेजारी मात्र मल्लांच्या प्रतवारीचा विचार बाराव्या शतकातच लिहून ठेवलेला आहे. निलंग्याकडून कर्नाटकात शिरलं की काही अंतरावर बसवकल्याण लागतं. हे कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव. इथल्या सोमेश्वर तिसरा या राजानं 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी जुनी नोंद म्हणून मराठीचे अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात. त्याच ग्रंथात ‘मल्लविनोद’ आहे. तो वाचताना एखाद्या जाणत्या वस्तादाची वही उघडल्यासारखं वाटतं.

सोमेश्वर मल्लांची प्रतवारी करतो. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशा तीन प्रती. वयानुसार वाढत्या अंगाचा तो भविष्णु आणि भरात आलेला तो प्ररूढ. मग येते मेहनत: ओझ्याचा भारश्रम, चालण्याधावण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, बाहूंचा बाहुपेल्लणकश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. या स्तंभश्रमात अनेक अभ्यासकांना मल्लखांबाचं मूळ दिसतं.

प्रतवारी हवीच का? उत्तर भूमितीत आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन अवघ्या घनफळावर. एखादं शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं, तर ताकद चौपट होते आणि वजन आठपट. आता सारख्याच बांध्याचे दोन पैलवान घेऊ, एक 60 किलोंचा आणि दुसरा 90 किलोंचा. थोरला ताकदीनं साधारण 30 टक्क्यांनी सरस भरेल. धाकट्याची खरी अडचण उचलताना येते. त्याला स्वतःच्या वजनाच्या दीडपट ओझं उचलायचं असतं आणि थोरल्याला आपल्या वजनाच्या दोन तृतीयांश. धोबीपछाडीत धाकटा आपली कंबर खाली नेतो, समोरच्याचा गुरुत्वमध्य तिच्यावर घेतो आणि तिचा तरफेसारखा वापर करून त्याला पलीकडे टाकतो. डाव हा असा तफावत भरून काढायचा मार्ग आहे, पण फरक फार असला की डावही अपुरा पडतो.

बरोबरीची ओढ माणसापुरतीच नाही. चेतामानसशास्त्रज्ञ जाक पँकसेप यांनी उंदरांच्या झोंबाझोंबीचा अभ्यास केला. मोठा उंदीर कायमच जिंकत राहिला, धाकट्याला अधूनमधूनही वर येऊ दिलं नाही, तर धाकटा खेळायला बोलावणं सोडून देतो, असं त्यांनी मांडलं. नेमक्या प्रमाणाबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले. पण खेळताना थोरला आपला जोर आवरता घेतो, हे कुत्र्याच्या पिल्लांत आणि माकडांतही दिसून आलं आहे. पिलाला खेळातून अंग सावरायला शिकायचं असतं, आणि खेळगडीच उठून गेला तर ते शिकणंही थांबतं.

जोड बरोबरीची लागली की कुस्ती लांबते, आणि आपटणंही वाढतं. म्हणून आखाड्याची मातीही निवडावी लागते. मराठवाड्याच्या काळ्या रानातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगून चिकटते, वाळली की भेगाळून दगडासारखी होते. लोहयुक्त लाल माती तितकी फुगत नाही. ती खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून भुसभुशीत ठेवली की पडणाऱ्याचा वेग एकदम न थांबता हळूहळू जिरतो आणि हाडांवरचा मार कमी होतो.

अशाच मातीतून लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार घडले. 1969 मध्ये लातूरलाच झालेल्या स्पर्धेत त्यांनी ‘महाराष्ट्र केसरी’ किताब पटकावला. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. तिथं लाल माती नव्हती, गादी होती; आणि जोड लावली ती काट्यावरच्या किलोंनी.

गावच्या जत्रेत काटा नसतो. रेवड्यांच्या कुस्त्यांसाठी चिल्लीपिल्ली लंगोट कसून कडेला उभी असतात. पंच दोघांना बोलावतो, पाठीला पाठ लावून उभं करतो, उंची बघतो, दंड चाचपतो. एखादा अंगानं फार मोठा असला तर त्याला मागे सारतो, गर्दीतून दुसरा पोरगा पुढे ओढतो, पुन्हा पाठीला पाठ लावून पाहतो. मग दोघांच्या हातात चिमूटभर माती देतो.