दुसऱ्या महिन्यातली पुडी



उधना, लिंबायत, डिंडोली भागात आपली कितीतरी खानदेशी घरं आहेत. सुनेला दिवस गेल्याची बातमी गावाकडे पोहोचते आणि कधीकधी आठवडाभरात कुणाच्या तरी पिशवीतून एक पुडी येते. "दुधातून घे, मुलगाच होईल." देणाऱ्या आत्याबाई प्रेमानेच देतात. पहिली मुलगी असेल तर सुनेला नाही म्हणणं आणखी जड जातं. आज या पुडीबद्दल थोडं बोलूया.

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. आईकडून एक्स गुणसूत्र येतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. पाळी चुकेपर्यंत हा निकाल लागून गेलेला असतो. कुठलीही पुडी तो फिरवू शकत नाही.

"मग घेतली तर बिघडलं कुठे?" असं कुणी विचारेल. गोम इथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळाचे अवयव घडत असतात. मुलाच्या गर्भात वृषण तयार होऊन टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन स्रवू लागतं आणि त्याच्या इशाऱ्यावर पुढची घडण होते. नेमक्या याच दिवसांत बाहेरून हॉर्मोन पोहोचलं, तर घडण बिघडू शकते.

गुरं पाळणाऱ्यांना माहीत असतं, की गाईला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं तर ती कालवड बहुधा वांझ निघते. फ्रँक लिली या शास्त्रज्ञाने 1916-17 च्या सुमारास त्याचं कारण सांगितलं. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याची हॉर्मोन्स कालवडीच्या रक्तात जातात. माणसाच्या जुळ्यांत सहसा असं होत नाही, तेव्हा जुळ्यांच्या आयांनी घाबरू नये.

1959 मध्ये अमेरिकेत गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं. त्यांच्या माद्या पिल्लांचं वागणं मोठेपणी नरासारखं झालं. तेच हॉर्मोन मोठ्या माद्यांना दिलं, तेव्हा असा कायमचा बदल झाला नाही. म्हणजे किती दिलं याइतकंच कधी दिलं हेही महत्त्वाचं.

माणसांतलं उदाहरण डीईएस या गोळीचं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ती लाखो गरोदर बायकांना दिली गेली. 1971 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या 8 तरुणी आढळल्या. त्यांपैकी 7 जणींच्या आयांनी गरोदरपणी ती गोळी घेतली होती. गोळी आईने घेतली आणि भोगलं मुलीने, तेही पंधरा-वीस वर्षांनी.

आपल्याकडच्या पुड्यांचं काय? हरियाणात संशोधकांनी मुलासाठी दिली जाणारी औषधं तपासली. त्यांत स्त्री-हॉर्मोनसारखी वनस्पतिजन्य द्रव्यं आणि काही नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन सापडलं. अशी औषधं घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचा धोका वाढलेला दिसला. गावठी आणि झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं समजू नये.

आणखी एक गोष्ट. काही बाळांत औषधाशिवायच, अॅड्रिनल ग्रंथीच्या आनुवंशिक दोषामुळे, पोटात असतानाच पुरुष-हॉर्मोन जास्त बनतं. आपल्या देशात पाच शहरांतल्या एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली, तेव्हा 5,762 बाळांमागे एकात हा दोष आढळला. अशा मुलींचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात, लहानपणी त्यांचा कल गाड्या, धावपळीचे खेळ यांकडे जास्त असू शकतो. पण बहुतेक जणी मुलगी म्हणूनच आनंदाने वाढतात. मुलगे वरून अगदी नॉर्मल दिसतात, म्हणून त्यांच्यात दोष लक्षातच येत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ सारखं ओकतंय, दूध ओढत नाहीये, मलूल पडलंय, वजन घटतंय असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन दोष ओळखता येतो आणि नियमित औषधाने बाळ चांगलं वाढतं.

तेव्हा सासूबाई, आत्याबाई, पुढची पुडी तुमच्याच हातात थांबू द्या. आणि सूनबाई, आधीच घेतली असेल तर घाबरू नका, लपवूही नका. उरलेली पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.