तासाभराचा राक्षस

सकाळी 9.30

नगरच्या सावेडीत, पाइपलाइन रोडला लागून, पहिल्या मजल्यावर आमचा गेम झोन. तीन पीएस5, एक जुना पीएस4, खाली झेरॉक्सवाला. शटर वर केलं की पहिलं काम रिमोट पुसायचं. कंट्रोलर म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित. सगळे रिमोटच म्हणतात, आता मीही. काल रात्रीच्या वडापावचं तेल स्टिकच्या खोबणीत बसलेलं असतं. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून ते काढायचं, मग एखाद्या मोकळ्या माळावर पात्र उभं करायचं आणि हात न लावता बघत राहायचं. आपोआप डावीकडे सरकलं, की स्टिक गेली. फुटबॉलला असला रिमोट चालून जातो, तलवारीच्या गेमला नाही. तिथं माणूस स्वतःच्या चुकीनं मेला तर पुन्हा पैसे टाकून बसतो. रिमोटच्या चुकीनं मेला तर भांडतो.

10.30

भाव तासाला 80 रुपये. धंदा चालतो फुटबॉल, टेकन आणि क्रिकेटवर. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, दोघं बसतात, एक हरतो, पुढचा बसतो. माझा जीव अडकलाय ॲक्शन रोल-प्लेइंगमध्ये. म्हणजे मारामारी करत करत पात्र वाढवायचं, ताकद, हत्यारं, विद्या मिळवत जायचं आणि अधूनमधून वाट अडवून उभ्या असलेल्या बॉसला पाडायचं. हे गेम पन्नास-साठ तास पुरतात. ज्यांनी बनवले त्यांनी ते घरच्या सोफ्यासाठी बनवले. माझं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत खेळतं. त्यामुळे गेम अवघड किती आणि नवख्याला झेपणारा किती, याचा हिशेब माझ्याकडे रुपयांत होतो.

11.30

विळद घाटातल्या कॉलेजची दोन मुलं, लेक्चर बुडवून. 'दादा, तो मारुतीवाला लावा.' मारुती नव्हे तो. जुन्या चिनी कादंबरीतला वानरराज, सुन वुकाँग. पण गदेऐवजी सोटा घेतलेला वानर पडद्यावर उडी मारतो तेव्हा मलाही दुरुस्ती करावीशी वाटत नाही. ब्लॅक मिथ: वुकाँग 20 ऑगस्ट 2024 ला आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. सोपं, मध्यम, अवघड अशी निवड त्यात नाहीच, सगळ्यांना एकच ताट.

सुरुवातीच्याच रानात एक भलंमोठ्या डोक्याचं भूत फिरत असतं. त्याला मारलंच पाहिजे असं नाही, बाजूनं निघून जाता येतं. पण समोर दिसलेलं सोडून जाईल तो नगरचा पोरगा कसला! मेले. परत गेले, परत मेले. मी मधे पडलो नाही, कारण हा गेम मेल्याचा दंड घेत नाही: कमावलेला अनुभव हातात राहतो, आणि देवळीपाशी बसलं की खर्च केलेल्या सगळ्या विद्या फुकटात परत घेऊन दुसरीकडे लावता येतात. एवढं एकच त्यांना सांगितलं. त्यांनी सगळे गुण काढून सोट्याच्या जड फटक्यावर लावले, भूत काही पडलं नाही, पण अर्धं रक्त उतरलं. दोघं पायऱ्या उतरताना भांडत होते ते कुठली विद्या घ्यायची यावर. अशी भांडणं मला आवडतात.

1.30

बँकेतल्या ताई जेवणाच्या सुट्टीत येतात, डबा इथंच उघडतात. त्यांना मी हेडीस लावून दिलाय. भाड्याच्या तासाला याच्याइतका फिट बसणारा गेम मी पाहिला नाही. पाताळातून पळून जायचं, मेलं की पुन्हा बापाच्या वाड्यात. पण वाड्यातली माणसं दर वेळी नवं काही बोलतात, गोष्ट पुढं सरकते. मरण हाच पुढचा प्रसंग. एक खेप अर्ध्या तासाच्या आसपास संपते.

शिवाय त्यात 'गॉड मोड' आहे. चालू केला की लागणारा मार 20 टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणामागे आणखी 2 टक्के, पार 80 पर्यंत. शत्रू तेच, त्यांच्या चाली त्याच. फक्त तुम्हाला शिकायला जास्त वेळ मिळतो. ताईंनी तो पहिल्या दिवशीच चालू केला. 'मला भाकरीही संपवायचीय आणि हेही,' म्हणाल्या.

3.00

लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच पीएस5 आणि पंखा चालतो. अंधारातली मिनिटं मी धरत नाही, हा आमचा कायदा. वहीत उधाऱ्या लिहिल्या.

4.00

राहुरीहून एसटीनं येणारा पोरगा. बारावी झालेली, फोनवर शॅडो फाइट 2 खेळून तयार झालेला. त्या गेममध्ये लढाईला उतरण्याआधीच पाटी लागते, सोपी आहे की अवघड की अशक्य. पाटी वाईट दिसली की मागं फिरायचं, नाणी जमवायची, भारी हत्यार घेऊन यायचं. म्हणून एल्डन रिंगमध्ये मर्गिट नावाच्या बॉससमोर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न: 'दादा, याला किती लेव्हल लागते?'

लेव्हल लागते, पण मर्गिट तिच्यावर पडत नाही. मी पडद्याकडे न बघता त्याच्या अंगठ्याकडे बघत बसलो. मर्गिट काठी उचलतो आणि थांबतो. उगाच थांबतो, अंमळ जास्तच. पोरगा काठी वर गेल्या गेल्या गोल बटण दाबून लोळण घेतो, लोळण संपते, आणि तेव्हा काठी खाली येते. दर वेळी तसंच. म्हणजे त्याला मर्गिट मारत नव्हता, घाई मारत होती. हे कळायला बाहेरचा माणूस लागतो; आतल्याला वाटतं गेम खोटं खेळतोय.

इथं माझं एक ठाम मत आहे. अवघडपणानं गिऱ्हाईक पळत नाही. दोन गोष्टींनी पळतं: आपण का मेलो हे कळलं नाही, किंवा मेल्यावर परत तिथवर पोहोचायला फार वेळ गेला. एल्डन रिंगच्याच कंपनीचा, फ्रॉमसॉफ्टवेअरचा, 2009 चा डीमन्स सोल्स घ्या. त्याचा नवा अवतार 2020 मध्ये पीएस5 सोबतच आला, माझ्याकडे होता. दिसायला देखणा. पण बॉसनं मारलं की रस्ता पुन्हा तुडवायचा. दोन मिनिटं चालायचं आणि मिनिटभरात मरायचं असं धरलं, तर तासातली 40 मिनिटं पायपीट! 80 रुपयांतले पन्नासहून जास्त चालण्याचे. मी तो मशीनवरून काढून टाकला. एल्डन रिंग 2022 चा. त्यात मर्गिटच्या दारालगतच पुन्हा उभं राहायची जागा आहे. बऱ्याच इतर बॉसजवळही तशी सोय केलीय. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींनी राक्षसाचा एक दातही काढला नाही, फक्त त्याच्यापर्यंतचा रस्ता छोटा केला. सोपी पातळी असावी की नको, यावर 2019 मध्ये याच कंपनीच्या सेकिरोच्या वेळी जगभर हमरीतुमरी झाली होती. त्या भांडणात या रस्त्याचा विषय पुरेसा निघाला नाही असं मला वाटतं.

'लांडगे बोलव,' मी म्हणालो. सुरुवातीलाच एका पडक्या चर्चपाशी घंटा मिळते, ती वाजवली की तीन लांडग्यांचे आत्मे मदतीला येतात.

'ती चिटिंग झाली ना.'

'बनवणाऱ्यानं दिलेत ते.'

'तरी पण.'

बाजूच्या सोफ्यावरचे दोघं हसले, त्यामुळे तर तो आणखीच हट्टाला पेटला. मग सांगितलं, दक्षिणेला उतर, वीपिंग पेनिन्सुला नावाचा मुलूख आहे, तिथं फिरून ये, हत्यार सुधार. हे ऐकलं त्यानं. लांडग्यांत त्याला कमीपणा वाटत होता, फिरून येण्यात वाटला नाही, कारण ते श्रमाचं होतं. मदत कुठल्या वेषात येते यावर सगळं असतं. कळ दाबून मिळालेली सवलत लाजवते, पायपीट करून मिळवलेली तीच सवलत कमाई वाटते.

6.30

गर्दी. टेकनला नंबर लागलेले, कुणीतरी कोल्ड्रिंक सांडलं. भिंगारच्या छावणीतला एक जवान सुट्टीच्या दिवशी येतो, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक लावतो आणि पाच पातळ्यांतली सगळ्यांत खालची निवडतो. पोरं चिडवतात. 'दिवसभर उस्ताद पळवतो, इथं पण घाम काढू का?' हा त्याचा जबाब. याला लाज नावाचा प्रकार नाही, आणि असं गिऱ्हाईक मला फार हवंय.

8.30

एक गृहस्थ दहा-बारा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. 'हिला मारामारी हवीय, पण रक्त नको.' राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक लावून दिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2020 चा. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, राजस्थानी वाड्यांसारखे महाल. रोल-प्लेइंग म्हणावा इतकी पात्रवाढ त्यात नाही, पण ओळख करून द्यायला बरा. एक उणीव सांगतो: त्यातल्या भिंतीवरून धावण्याच्या आणि खांबावरून उलटी मारण्याच्या चाली लढाईत इतक्या छान आहेत, पण नवखा माणूस त्या विसरून नुसता त्रिशूळ फिरवत बसतो. गेमनं त्याला जरा जास्त ढकलायला हवं होतं.

लेक वीस मिनिटांत खांबावरून गिरक्या घ्यायला लागली. बाप पहिल्याच टोळीत गारद. मला हळूच विचारलं, 'हे सोपं करता येतं का? तिला कळू न देता?'

असे गेम आहेत. 2005 चा रेसिडेंट ईव्हिल 4 तुम्ही कसं खेळताय ते बघून गुपचूप शत्रू नरम-गरम करत असे. कारखान्यातून आलेलं गुपित मला चालतं, माझ्या हातून नाही. 'तिलाच विचारा ना, कसं मारायचं ते,' म्हटलं. विचारलं त्यांनी. तिनं रिमोट हिसकावून दाखवलं, मग परत दिला, मग पुन्हा हिसकावला. तासाचे दोन तास झाले.

10.45

मशीनवर अपडेट लावून ठेवली. रात्री नेट बरं चालतं. अपडेटमध्ये अवघडपणाही बदलतो. एल्डन रिंगची जोडकथा जून 2024 मध्ये आली, फार अवघड म्हणून ओरड झाली, आणि आठवड्याभरात कंपनीनं नव्या मुलखातला सुरुवातीचा आधार वाढवून दिला. त्या वेळी बॉसना हात लावला नाही. गल्ला मोजला, वहीत उद्याच्या वेळा लिहायला बसलो. राहुरीवाल्याचा मेसेज आलेला: 'दादा उद्या 4 ते 5 ठेवा. लांडगे नको.'

मी 4 ते 6 लिहिलं.