'मग पुढे काय झालं?' : विज्ञानकथांचे पुढचे भाग आणि पुसले गेलेले शेवट

वाचकहो, गोष्ट संपली की लहान मूल हमखास विचारतं, "मग पुढे काय झालं?" सांगणाऱ्याला याहून मोठी पावती नाही, आणि याहून मोठा सापळाही नाही. आपल्या व्रतकथांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधून ठेवला आहे. 'सुफळ संपूर्ण' म्हटलं की कहाणी संपली. हातातल्या अक्षता वाहायच्या आणि नैवेद्याकडे वळायचं. विज्ञानकथांच्या प्रकाशकांकडे आणि हॉलिवूडकडे मात्र अशी सोय नाही. तिथे गोष्ट गाजली की पुढचा भाग येतो, तो चालला की त्याच्याही पुढचा. आणि ज्या शेवटासाठी आपण ती गोष्ट मनात जपून ठेवलेली असते, तो शेवटच या रांगेत कधी पुसला जातो ते कळतही नाही.

पुढचे भाग वाईट असतात, एवढीच तक्रार असती तर लेख लिहायची गरज नव्हती. वाईट पुस्तक बाजूला ठेवता येतं. माझा प्रश्न वेगळा आहे. पुढचा भाग मागे हात घालून आधीच्या शेवटाचा अर्थ बदलू शकतो का? माझ्या मते बदलू शकतो, आणि तो तीन प्रकारांनी बदलतो. प्रत्येकाचं एकेक उदाहरण घेऊ. (ज्यांनी ही पुस्तकं वाचली नसतील, चित्रपट पाहिले नसतील, त्यांना आधीच सांगतो: सगळे शेवट इथे उघड होणार आहेत.)

लंकेतला लेखक आणि 'राम'

आर्थर सी. क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहत होते. लंकेत बसून एका इंग्रज लेखकानं 'राम' नावाची गोष्ट लिहावी, हा योग आपल्याला गमतीचा वाटणारच. 'राँदेव्हू विथ रामा' ही ती कादंबरी १९७३ साली आली आणि तिनं ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळवले. नावाचं कारणही कादंबरीतच दिलं आहे. ग्रीक आणि रोमन देवतांची नावं खगोलशास्त्रज्ञांनी तोवर वापरून संपवलेली असतात, म्हणून ते हिंदू देवतांकडे वळलेले असतात.

साल २१३१. सूर्यमालेत बाहेरून एक वस्तू येते. आधी ती अशनी वाटते. मग लक्षात येतं की ती सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची, स्वतःभोवती फिरणारी, आतून पोकळ अशी एक नळी आहे. कमांडर नॉर्टन आणि त्याचे सहकारी आत उतरतात. सूर्य जवळ येतो तसा आतला गोठलेला समुद्र वितळतो, दिवे लागतात, यंत्र आणि प्राणी यांच्या मधले काही जीव कामाला लागतात. पण ज्यांनी हे सगळं बांधलं, ते कुठेच दिसत नाहीत. शेवटी माणसं बाहेर पडतात, राम सूर्याजवळून जाताना त्याच्यापासून ऊर्जा घेतो आणि निघून जातो. तो आपल्याला भेटायला आलेलाच नव्हता. वाटेत आपण राहत होतो, एवढाच संबंध!

या शेवटात एक विलक्षण नम्रता आहे. विश्वाला आपल्याशी काही देणंघेणं नसेलही, हे क्लार्क आपल्याला जराही न घाबरवता सांगतात. अगदी शेवटच्या ओळीत 'तीन' या आकड्याचा एक खट्याळ इशारा आहे खरा, पण तो वाचकाच्या मनात दार किलकिलं ठेवण्यापुरताच.

पुढे जेंट्री ली या अवकाश अभियंत्याबरोबर तीन भाग निघाले, १९८९, १९९१ आणि १९९३ साली. त्यांत माणसं रामात बसून प्रवास करतात, वसाहत करतात, भांडतात, युद्ध करतात. आणि अखेर राम कशासाठी फिरतो हे कळतं. तो निरनिराळ्या जीवजातींची माहिती गोळा करतो, आणि त्यामागे विश्वकर्त्याची एक मोठी योजना आहे. हे उत्तर बरं की वाईट हा मुद्दाच नाही. उत्तर मिळालं, हीच हानी. पहिल्या पुस्तकात ज्याला आपल्याकडे पाहायलाही वेळ नव्हता, तो आता आपल्या नोंदी ठेवणारा निघतो. हा पहिला प्रकार: जो प्रश्न म्हणूनच सुंदर होता, त्याला उत्तर देणं.

गणित हरलं, यंत्रमानव जिंकला

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथा १९४२ ते १९५० या काळात मासिकात आल्या आणि १९५१ ते १९५३ मध्ये तीन पुस्तकांत बांधल्या गेल्या. कल्पना भव्य होती. हॅरी सेल्डन हा गणिती 'सायकोहिस्टरी' नावाचं शास्त्र तयार करतो. वायूतला एक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा मिळून दाब किती असेल हे सांगता येतं. तसंच एका माणसाचं नाही, तरी अब्जावधी माणसांच्या समूहाचं भविष्य मांडता येईल, असा हा विचार. दीर्घिकेचं साम्राज्य कोसळणार हे अटळ. पण पुढचा तीस हजार वर्षांचा अंधार हजार वर्षांवर आणता येईल. त्रयी संपते तेव्हा त्या हजारातली चारशे वर्षंही झालेली नसतात. तरी वाचक समाधानानं पुस्तक मिटतो, कारण योजना रुळावर आहे.

आमच्या पिढीतल्या अनेकांनी ही पुस्तकं कॉलेजच्या दिवसांत हातोहात फिरवून वाचली. उरलेली सहाशे वर्षं आम्ही आपापल्या मनात पूर्ण केली होती. मग वाचकांचा आणि प्रकाशकांचा आग्रह इतका वाढला की तीस वर्षांच्या खंडानंतर, १९८२ मध्ये, 'फाउंडेशन्स एज' आलं. ते तुफान खपलं, त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. १९८६ मध्ये 'फाउंडेशन अँड अर्थ' आलं. या दोन पुस्तकांत सेल्डनची योजना बाजूला पडते. गाया नावाच्या ग्रहावरचं सामूहिक मन हे मानवजातीचं भविष्य ठरतं, आणि या सगळ्यामागे हजारो वर्षं एक यंत्रमानव, डॅनील ऑलिव्हॉ, सूत्रं हलवत होता असं उघड होतं.

आता मागे वळून मूळ त्रयी पाहा. इतिहास कोणा एका थोर पुरुषाच्या हातात नसतो, तो असंख्य सामान्यांच्या हालचालींतून घडतो, हा तिचा प्राण. पुढच्या भागांनी त्या जागी पडद्यामागचा एक सूत्रधार आणून बसवला. त्यानंतर असिमोव्ह यांनी कथा पुढे नेलीच नाही. सेल्डनच्या तरुणपणाकडे, म्हणजे मागे वळले. हा दुसरा प्रकार: गोष्ट ज्या नियमावर उभी आहे, तो नियमच काढून घेणं.

किंमत मोजली, माल परत घेतला

तिसरं उदाहरण इथे वाढलेल्या मुलांना जास्त जवळचं. जेम्स कॅमरून यांचा 'टर्मिनेटर २' (१९९१) आठवा. मानवजातीचा संहार टाळण्यासाठी सारा कॉनर आणि तिचा मुलगा जॉन जिवाचं रान करतात. शेवटी त्यांच्या बाजूचा यंत्रमानवही वितळलेल्या पोलादात स्वतःला उतरवून घेतो, कारण त्याच्या डोक्यातली चिपसुद्धा शिल्लक राहता कामा नये. भविष्य लिहिलेलं नसतं, आपण ते बदलू शकतो, हा त्या चित्रपटाचा अर्थ त्या एका बलिदानावर उभा आहे.

२००३ च्या तिसऱ्या भागानं सांगितलं, संहार टळला नव्हता, फक्त लांबला होता. २०१९ च्या 'डार्क फेट'नं तो तिसरा भाग विसरायला सांगितलं, पण सुरुवातीच्या काही मिनिटांतच जॉनला मारून टाकलं. गंमत अशी की कॅमरून यांच्या 'एलियन्स'मध्ये (१९८६) नायिकेनं जिवावर उदार होऊन वाचवलेली लहान मुलगी पुढच्या, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या 'एलियन ३'मध्ये (१९९२) सुरुवातीलाच मेलेली दाखवली, तेव्हा कॅमरून यांनी आपली नापसंती जाहीरपणे बोलून दाखवली होती. 'डार्क फेट'चे एक निर्माते मात्र ते स्वतःच होते! हा तिसरा प्रकार: प्रेक्षकाकडून अश्रूंची पूर्ण किंमत घ्यायची आणि नंतर माल परत न्यायचा.

मग उत्तरकांडाचं काय?

इथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, मग रामायणाचं काय? प्रश्न रास्त आहे. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडाच्या शेवटी राज्याभिषेक होतो, फलश्रुतीही येते. म्हणजे 'सुफळ संपूर्ण' झालंच. तरी पुढे उत्तरकांड आहे, आणि ते नंतर जोडलं गेलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. सीतेचा त्याग आणि तिचं धरणीत जाणं त्यात येतं. हा शेवट कवींनाही सोसवलेला नाही. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं आठव्या शतकात 'उत्तररामचरित' लिहिलं, त्यात त्यानं राम आणि सीतेला पुन्हा एकत्र आणलं. गदिमांनी १९५५-५६ मध्ये गीतरामायण लिहिताना सीतेचा त्याग टाळला नाही, पण लव-कुशांना वाल्मीकी रामायण गायला सांगतात तिथे ते थांबले; धरणीपर्यंत गेले नाहीत.

उत्तरकांडानं आपलं सुख हिरावून घेतलं, हे खरं. पण त्यानं रावणाला पुन्हा जिवंत केलं नाही. युद्ध फुकट होतं असंही म्हटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं की या विजयाची किंमत कोणी मोजली? हा प्रश्न मूळ कथेतच होता, अग्निपरीक्षेच्या प्रसंगात. उत्तरकांडानं तो फक्त झाकू दिला नाही.

विज्ञानकथेत याच जातीचं पुस्तक म्हणजे फ्रँक हर्बर्ट यांचं 'ड्यून मसाया' (१९६९). 'ड्यून'च्या (१९६५) शेवटी पॉल विजयी होतो. दुसऱ्या भागात कळतं की त्याच्या नावानं चाललेल्या धर्मयुद्धात अब्जावधी माणसं मेली. मूळ 'ड्यून' आपल्या मासिकात छापणारे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हा भाग नाकारला. नायकाचं हे असं होणं त्यांना रुचलं नाही. पण पहिलं पुस्तक पुन्हा वाचा, पॉलला त्या युद्धाची भीती पानोपानी वाटत असते. हर्बर्ट यांनी आपला शेवट मोडला नाही, तो आपण अर्धाच वाचला होता हे दाखवून दिलं.

हा फरक मला घरच्या गोष्टीतही महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांची कहाणी 'इथे आलो, नोकरी मिळाली, घर झालं, मुलं शिकली' इथे सुफळ संपूर्ण होते. मुलं तिचा पुढचा भाग असतात. ती विचारतील, या सगळ्याची किंमत कोणी मोजली? आई घरी का बसली? आजी-आजोबा तिकडे एकटे का राहिले? असं विचारणं हा कहाणीचा अपमान नव्हे. आपण रागवू नये.

"मूळ पुस्तक तर कपाटात आहेच ना?"

हा नेहमीचा बचाव. कोणी तुमची जुनी प्रत जाळलेली नाही, पुढचे भाग वाचू नका! यात निम्मं तथ्य आहे. कागद बदलत नाही, पण वाचणारा बदलतो. एकदा कळलं ते न कळलेलं करता येत नाही. जॉन पुढे मरणार हे माहीत झाल्यावर पोलादाच्या भट्टीपाशी पूर्वीसारखं रडू येत नाही.

शिवाय दोष केवळ लेखकांचा आणि कंपन्यांचा नाही. पुढचा भाग आपणच मागतो, आणि नाही म्हणणारे थोडे. रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल यांनी 'बॅक टू द फ्युचर'चा चौथा भाग आजवर काढू दिलेला नाही. 'ब्लेड रनर'चा (१९८२) पुढचा भाग ३५ वर्षांनी आला, पण नायक माणूस की यंत्र, हा मूळचा प्रश्न त्यानं जपून तसाच ठेवला. आपल्या जयंत नारळीकरांच्या कादंबरीनं तर 'वामन परत न आला' असं शीर्षकातच बजावलं आहे. तिच्या इंग्रजी आवृत्तीचं नाव मात्र 'द रिटर्न ऑफ वामन' आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या आपल्या वाचकांनी यावर जरूर हसावं!

तेव्हा पुढचा भाग हाती घेताना स्वतःला एवढंच विचारा: हा मला नवा प्रश्न देतो आहे, की जुना प्रश्न काढून घेतो आहे? आणि घरातल्या तरुण मंडळींसाठी या सुट्टीत एक सुचवतो. क्लार्कचा 'राम' वाचा. फार मोठं पुस्तक नाही, तीन-चार संध्याकाळी पुरतील. शेवटच्या ओळीनंतर पुस्तक मिटा आणि दुसऱ्या भागाकडे निदान वर्षभर वळू नका. तो राम कुठून आला, कुठे गेला, यावर फराळाच्या ताटाभोवती घरच्यांशी वाद घाला. तुमचं उत्तर छापील उत्तरापेक्षा चांगलं असण्याची शक्यता बरीच आहे.