विश्लेषण : खड्ड्यांत दुचाकी डगमगते? सस्पेन्शन सुधारण्याचा स्वस्त मार्ग कोणता?

खड्ड्यातून गेल्यावर दुचाकी दोन-तीनदा उसळते, ब्रेक दाबताच पुढचा भाग खाली दबतो, वळणावर मागचे चाक वळवळते. अशा वेळी अनेक जण थेट नवा शॉकअप घ्यायला निघतात. पण जुन्या मोटारसायकलचे वागणे सुधारण्याचे पहिले उपाय फुकट आणि दुसरे तुलनेने स्वस्त असतात. ते कोणते आणि मोठा खर्च केव्हा करावा, याविषयी…

सस्पेन्शनचे काम केवळ आराम देण्याचे आहे का?

नाही. पाठीला बसणारे धक्के कमी करणे हे एक काम झाले. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे टायर रस्त्याला टेकलेला ठेवणे. ब्रेक लागतो, वळण घेता येते, ते टायर आणि रस्ता यांच्या तळहाताएवढ्या स्पर्शातून. ताशी ६० किलोमीटर वेगात दुचाकी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. चाक सेकंदाचा पाचवा भाग जरी उचलले गेले, तरी तीन मीटरहून अधिक अंतर त्या चाकाच्या ब्रेकविना सरते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. मात्र एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढेच. हवेत गेलेल्या चाकाला पकड मिळवून देणे त्याच्या हाती नाही.

सस्पेन्शन थकते म्हणजे नेमके काय होते?

सस्पेन्शनमध्ये दोन गोष्टी काम करतात. स्प्रिंग धक्का झेलते, पण दबलेली स्प्रिंग परत उसळतेच. ही उसळी आवरते आतले तेल. दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून वाट काढते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. यालाच डॅम्पिंग म्हणतात. स्प्रिंग दीर्घकाळ टिकते. तेल मात्र वापराने पातळ आणि मळकट होते, सील झिजून ते गळतेही. मग स्प्रिंगला आवरणारे कोणी उरत नाही.

घरच्या घरी तपासणी कशी करावी?

पुढचा ब्रेक दाबून धरावा, हँडल जोराने खाली दाबून सोडावे. पुढचा भाग एकदा वर येऊन स्थिरावला, तर ठीक. तो डुलत राहिला, तर तेल बदलायला झाले आहे. मागे सीट दाबून हीच चाचणी करावी. फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचे कडे दिसले, तर सील गेले असे समजावे. याकडे दुर्लक्ष करू नये. गळणारे तेल डिस्क आणि ब्रेक पॅडपर्यंत पोहोचले तर ब्रेकच निकामी होऊ शकतो.

दुचाकी मुख्य स्टँडवर लावून, दुसऱ्या व्यक्तीला मागचा भाग दाबायला सांगून पुढचे चाक उचलावे आणि फोर्कची खालची टोके पुढे-मागे हलवावीत. खट्ट असा खेळ जाणवला तर कोनसेट सैल किंवा झिजलेला आहे. मागचे चाक आडवे हलत असेल तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. हे दोष असताना कितीही महागडा शॉकअप बसवला, तरी वळणावरची वळवळ जात नाही.

एकही रुपया न खर्चता काय सुधारता येते?

पहिली गोष्ट टायरमधील हवा. टायर हाही सस्पेन्शनचाच भाग आहे. हवा जास्त झाली की प्रत्येक खडा जाणवतो. कमी झाली की दुचाकी वळताना जड आणि ढिली वाटते. योग्य दाब दुचाकीवरील स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा दाब वेगळा, वाढीव असतो. टायर थंड असतानाच तो मोजावा.

दुसरी गोष्ट मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड. बहुतेक मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपवर खाचांची फिरती कडी असते आणि अनेकदा ती फिरवण्याचा पाना दुचाकीसोबतच मिळतो. दुचाकी घेतल्यापासून या कडीला हात न लावलेले चालक कितीतरी आहेत. एकट्याने फिरणाऱ्याने ती खालच्या खाचेवर, तर दोघे किंवा सामान असल्यास वरच्या खाचेवर ठेवावी. दोन शॉकअप असल्यास दोन्ही बाजू समान खाचेवर हव्यात.

योग्य खाच कोणती, हे टेपने मोजता येते. मुख्य स्टँडवर मागचे चाक लोंबते असताना त्याच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग दुचाकी स्टँडवरून उतरवून, नेहमीच्या वजनानिशी बसून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावा. म्हणजे एकूण हालचाल १०० मिलिमीटर असेल तर फरक २५ ते ३३ मिलिमीटर. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त दुचाकीची उंची वाढते, हेही लक्षात ठेवावे. मोजमापानंतर चेनचा सैलपणा तपासावा.

थोडक्या पैशांत सर्वाधिक फरक कशाने पडतो?

फोर्क ऑइल बदलल्याने. इंजिन ऑइल नियमित बदलणारे अनेक जण फोर्कचे तेल वर्षानुवर्षे तसेच ठेवतात. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक दुचाकींत प्रत्येक नळीला पाव लिटरहून कमी तेल लागते. सोबत ऑइल सील आणि धूळ अडवणारे सीलही बदलून घ्यावे, म्हणजे मजुरी एकदाच पडते. तेलाची जाडी आणि प्रमाण माहितीपुस्तिकेनुसारच ठेवावे. जास्त जाड तेल टाकले तर फोर्क परत वर यायला वेळ लागतो आणि लागोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहतो. तेल प्रमाणाबाहेर भरले तर सीलवर ताण येतो. कोनसेट आणि चिमट्याचे बुश याच वेळी पाहून घेणे सोयीचे.

नवा शॉकअप केव्हा आणि कसा घ्यावा?

अनेक प्रवासी दुचाकींचे मागचे शॉकअप बंद असतात; त्यातले तेल बदलता येत नाही. ते गळू लागले किंवा सर्वांत वरच्या खाचेवरही दुचाकी तळाला आपटू लागली की बदलणे भाग आहे. दोन असतील तर जोडीनेच बदलावेत. साध्या वापरासाठी कंपनीचाच नवा सुटा भाग हा बहुतेकदा सर्वांत किफायतशीर पर्याय ठरतो. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये दाबामुळे तेलाला फेस कमी येतो. लांबच्या खडबडीत प्रवासात त्याचा उपयोग होतो, रोजच्या छोट्या फेऱ्यांत फरक थोडा. स्वस्त शॉकअपला बाहेरून जोडलेला डबा निव्वळ शोभेचाही असू शकतो. खरेदी करताना लांबी, बोल्टचे माप आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे, हे विचारावे.

काय टाळावे?

दुचाकी उंच किंवा बुटकी करण्याचे जुगाड. मागची बाजू उंच केली की फोर्कचा कोन बदलतो आणि वेगात हँडल अस्थिर होते. बुटकी केली की टायर मडगार्डला घासू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्यामुळे क्रम सोपा आहे. आधी हवा आणि प्रीलोड, मग फोर्क ऑइल, सील व बुश आणि शेवटी शॉकअप. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगात फेरी मारून फरक पाहावा. पहिल्या दोन टप्प्यांतच दुचाकी सावरली, तर तिसऱ्याचा खर्च वाचतो.