समाजऋणाचा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या वस्त्यांमध्ये खरी लगबग सुरू होते. 6 डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, 25 डिसेंबर मनुस्मृती दहन दिन, 1 जानेवारी भीमा कोरेगावचा शौर्यदिन आणि 3 जानेवारी सावित्रीमाईंची जयंती. एका महिन्यात असे चार दिवस येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या विहारांतून वर्गणीची पावतीपुस्तके बाहेर निघतात. "समाजाचे ऋण फेडले पाहिजे," असे जो तो म्हणतो. भावना खरी आहे, तिच्याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण आम्ही पडलो कारकुनी पेशाची माणसे. भावना आली की तिच्या शेजारी हिशेबाची वही उघडायची आम्हाला सवय. आज तीच वही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. तिचे पहिले पान आमच्याच चुकीचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या मंडळींनी वर्गणी जमवली, रात्रभर जागून दोन मोठे टोप पुलाव शिजवला आणि 6 डिसेंबरला टेम्पोने दादरला निघालो. वाटेतल्या गर्दीत टेम्पो अडकला. शिवाजी पार्कला पोहोचलो तेव्हा दुपार उलटली होती. तिथे आधीच अनेक संस्था अन्नदान करीत होत्या आणि लोकांची जेवणे झाली होती. आम्ही डाव घेऊन उभे राहिलो. एक म्हातारी आजी पुढे आली. विदर्भातून आली होती. आम्ही पत्रावळ पुढे केली, तर म्हणाली, "जेवण झालं बापा. माह्या सुनेची चुकामूक झाली, तिले कुठं पाहू?"

आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता येईना. चौकशीचा मंडप कुठे आहे, नाव कुठे पुकारतात, पोलिसांची मदत कुठे मिळते, यातले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते. विचारत विचारत आजीला घेऊन गेलो. तासाभराने सून सापडली, पण तोवर टोपातला पुलाव आंबला होता. गोरगरिबांच्या वर्गणीचे अन्न टाकून आम्ही रिकाम्या टेम्पोने परतलो.

विहारात हिशेब मांडला तेव्हा महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, "दादा, काय द्यायचं ते आपण ठरवलं. घेणाऱ्याला काय हवं, ते कुणी विचारलं का?" त्या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले.

पुढच्या वर्षीपासून आम्ही आमच्या दारातच काम शोधले. नागपूर-मनमाडकडून येणारा मार्ग कसाऱ्याचा घाट उतरून येतो, सोलापूर-पुण्याकडचा कर्जतवरून येतो आणि दोन्ही कल्याणला मिळतात. चैत्यभूमीला जाणारी हजारो माणसे आपल्याच गावावरून जातात. मध्य रेल्वे त्या दिवसांत नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सोडते, 5 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर परळ, ठाणे, कल्याणदरम्यान जादा लोकलही चालवते. पण खेड्यातून प्रथमच आलेल्या माणसाला हे सांगायचे कोणी? 9 डिसेंबर 2023 पासून दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले आहेत. 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे आणि 8 पासून 14 पर्यंत मध्य रेल्वेचे. जुना क्रमांक सांगणारा माणूस आज वाट चुकवतो. चैत्यभूमी दादरच्या पश्चिमेला आहे, हेही प्रत्येकाला सांगावे लागते.

म्हणून आमची तरुण मुले रेल्वे अधिकाऱ्यांना आगाऊ अर्ज देऊन परवानगी मिळेल तिथे उभी राहतात. लहान मुलाच्या खिशात गावाचे नाव आणि नातेवाइकाचा फोन लिहिलेली चिठ्ठी घालतात. म्हाताऱ्यांचे गाठोडे उचलतात. महिला मंडळ पाणी देते आणि बायांना स्वच्छतागृहाची वाट दाखवते. खर्च पुलावाच्या चौथाईसुद्धा नाही.

पाणी देताना आम्हाला महाड आठवते. 19 आणि 20 मार्च 1927 च्या परिषदेला आपल्या माणसांना तिथे पाणी मिळत नव्हते. म्हणून सवर्णांकडून 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. ज्यांनी पाणी विकत घेतले त्यांची नातवंडे-पतवंडे आज वाटसरूला फुकट पाणी देतात. त्या 40 रुपयांची याहून चांगली परतफेड आम्हाला तरी सुचत नाही.

वह्यांचेही असेच आहे. हार-फुले आणि मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, हे आवाहन आता घरोघरी पोहोचले आहे आणि ते स्तुत्यच आहे. पण आमच्याकडे एका वर्षी जमलेल्या बहुतेक वह्या 100 पानी एकेरी निघाल्या. पहिलीच्या मुलाला चौकटीची वही हवी होती, दहावीच्या मुलीला प्रयोगवही. आता आम्ही नोव्हेंबरातच शाळेच्या शिक्षकांकडून यादी आणतो आणि तीच विहाराच्या फळ्यावर लिहितो.

रक्तदानाचेही सांगतो. 6 डिसेंबरला ठिकठिकाणी शिबिरे होतात. पण रक्तातल्या प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस टिकतात आणि लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस. दिवाळीत आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी जातात, तेव्हा रक्तपेढ्यांत टंचाई होते. थॅलेसेमियाच्या लेकराला मात्र दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त लागतेच. ते दिवाळी पाहत नाही. म्हणून शिबिराची तारीख आपल्या सोयीने न ठरवता रक्तपेढीला विचारून ठरवावी. पुरुषाला 3 महिन्यांनी आणि स्त्रीला 4 महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, हेही ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे द्यायला आहे काय? घरकाम करणारी ताई, कंत्राटी कामगार, रिक्षावाला, यांना तर 6 डिसेंबरची रजासुद्धा सुखासुखी मिळत नाही. त्यांच्यासाठी बाबासाहेबांनीच हिशेब घालून दिला आहे. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचा निश्चय करायला सांगितले. 15,000 रुपये पगार असेल तर विसावा हिस्सा 750 रुपये होतो. ज्याला तेवढेही परवडत नाही, त्याने वेळेचा विसावा हिस्सा काढावा. वर्षाचे रविवार 52. त्यांचा विसावा हिस्सा म्हणजे जेमतेम अडीच रविवार! एक रविवार वह्यांच्या याद्या करायला, एक विहाराच्या अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवायला आणि उरलेला अर्धा शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचा पेन्शनचा कागद भरून द्यायला. अडीच रविवार देता येणार नाहीत, इतके गरीब आपल्यात कोणी आहे का?

मागच्या डिसेंबरात कल्याणला एक आजी भेटली. पाणी प्यायली आणि पदराच्या गाठीतून 10 रुपयांची नोट काढून आमच्या मुलीच्या हातात ठेवू लागली. मुलगी नको म्हणाली. आजी रागावली, "मी का भिकारी हाय? मलाबी काही देऊ दे." आम्ही पावती फाडून दिली. रक्कम 10 रुपये, तपशील पाणी. आमच्या वहीतली ती सर्वांत मोठी जमा आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा वर्गणीचे पुस्तक उघडण्याआधी घेणाऱ्याला एकदा विचारा आणि खर्चाचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा. ऋण पूर्ण फिटणार नाही, ते आम्हीही जाणतो. हप्ता मात्र चुकता कामा नये.

जयभीम!