खिशांतलें पिस्तूल : निवड आणि जबाबदारी



"नेहमीं जवळ बाळगतां येईल असें लहानसें आणि फार महाग नसलेलें पिस्तूल कोणतें घ्यावें?" असा प्रश्न आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत अधूनमधून कानांवर येतो. मिरचीच्या हंगामांत रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, रात्रीं दुकान बंद करून दागिन्यांची पेटी घरीं नेणारा सराफ, गांवापासून दूर मळ्यांत वस्ती करून राहणारा शहादा-तळोद्याकडील बागायतदार, यांच्या मनांत तो आला तर नवल नाहीं. प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्याच्या पोटांत तीन प्रश्न आहेत. असें शस्त्र मला ठेवतां येईल काय? ठेवतां आलें तर कोणतें ठेवावें? आणि ठेवलें तर तें सांभाळण्याची माझी तयारी आहे काय? सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा घेणारा शहाणा मनुष्य घोड्याचे दांत पाहण्यापूर्वीं आपल्या घरीं तबेला व वैरण आहे कीं नाहीं याचा विचार करतो. आपणहि त्याच क्रमानें जाऊं.

प्रथम कायदा. इंग्रज सरकारनें १८७८ सालीं जो शस्त्रांचा कायदा केला, त्यांत युरोपियनांना सवलत व हिंदी लोकांना बंदी असा उघड भेद होता. तो अपमान लोकांना इतका झोंबला कीं, १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कहि घातला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यानें वर्णभेद काढून टाकला. परवान्याची अट मात्र सर्वांना सारखी लागू ठेवली. २०१६ चे नियम व २०१९ ची दुरुस्ती यांनीं त्याला आजचें रूप दिलें आहे.

या कायद्यांतील एक बारीक भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. संरक्षणासाठीं वा शिकारी खेळासाठीं किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, अथवा पिकाच्या राखणीसाठीं तोंडानें भरावयाची बंदूक मागणाऱ्याच्या बाबतींत कायदा पुष्कळसा उदार आहे. पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यानें मात्र आपल्याला त्याची खरी गरज आहे, हें अधिकाऱ्यास पटवून द्यावें लागतें. त्याचें कारण उघड आहे. बंदूक खांद्यावर दिसते. पिस्तूल खिशांत लपतें. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करावयाचा. पोलिसांचा अहवाल येतो. अर्जदाराचें वय एकवीस वर्षें पूर्ण असावें लागतें. शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचें प्रमाणपत्र लागतें. परवाना पांच वर्षांचा असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकास दोहोंपेक्षां अधिक शस्त्रें ठेवतां येत नाहींत. म्हणून आधीं परवाना, मग दुकान. उलट क्रमानें जाणारा मनुष्य ग्राहक न राहतां आरोपी होतो.

आतां निवड. खिशांत मावणाऱ्या शस्त्रांचे दोन प्रकार आहेत. रिव्हॉल्व्हरमध्यें काडतुसें फिरत्या चक्रींत बसविलेलीं असतात. चाप ओढला कीं चक्री एक घर पुढें सरकते, घोडा मागें जाऊन आदळतो आणि गोळी सुटते. स्वयंचलित पिस्तुलांत काडतुसें मुठीच्या आंतील पेटींत एकावर एक रचलेलीं असतात. एक गोळी उडाली कीं तिच्याच धक्क्यानें वरचा सरकता भाग मागें जातो, रिकामें टोपण बाहेर फेकलें जातें आणि दुसरें काडतूस नळींत चढतें. ही दुसरी रचना लोकप्रिय करणाऱ्यांत अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग अग्रगण्य होता. त्याच्या बनावटीचीं वीस पिस्तुलें १९०९ मध्यें लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यांतून हिंदुस्थानांत आलीं, आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर जें झाडलें तें त्यांपैकींच होतें. लहान पिस्तूल लपविण्यास किती सोपें असतें, हें महाराष्ट्रानें इतक्या आधीं पाहिलें आहे.

दोहोंचे गुणदोष असे. पिस्तूल चपटें असतें, खिशांत कमी फुगतें व त्यांत काडतुसें अधिक मावतात. परंतु पेटी काढून घेतली तरी एक काडतूस नळींत राहूं शकतें. "रिकामें आहे" असें समजून चाप ओढल्यामुळें झालेल्या अपघातांचें हें फार जुनें कारण आहे. रिव्हॉल्व्हर चक्रीपाशीं जाड असतें, त्याचा चाप जड असतो व त्यांत बहुधा सहाच गोळ्या बसतात. पण चक्री बाहेर काढली कीं तें भरलेलें आहे कीं रिकामें हें डोळ्यांना स्पष्ट दिसतें. आणि एखादें काडतूस उडालें नाहीं तर पुन्हां चाप ओढतांच पुढचें घर समोर येतें. ज्याला रोज सराव करणें शक्य नाहीं अशा गृहस्थास रिव्हॉल्व्हर बरें, असें जाणते लोक म्हणतात, तें यामुळेंच.

व्यासासंबंधींहि घोटाळा होतो. ९ मिलिमीटरचें पिस्तूल आपल्या देशांत सामान्य नागरिकास वर्ज्य आहे. परवान्यावर मिळतात तीं बहुतेक .३२ अथवा .२२ व्यासाचीं. त्यांतहि .३२ चें रिव्हॉल्व्हर व .३२ चें पिस्तूल यांचीं काडतुसें निराळीं असतात. पहिल्याचें लांब, दुसऱ्याचें आंखूड. आंकडा एकच असला तरी एकाचें काडतूस दुसऱ्यांत घालूं नये.

"जितकें लहान तितकें चांगलें" ही समजूतहि तपासून पाहिली पाहिजे. शस्त्र हलकें झालें कीं हाताला बसणारा धक्का वाढतो. नळी आंखूड झाली कीं नेम धरण्याचें अंतर कमी होतें व थोडीशी चूकहि मोठी होते. मूठ लहान झाली कीं पकड सुटते. उलटपक्षीं जड शस्त्र चार दिवसांनीं कपाटांतच राहतें. म्हणून हातांत पुरें मावेल आणि दिवसभर अंगावर सोसवेल असें मध्यम आकाराचें शस्त्र निवडावें.

किंमतीचा विचार करतां, १९८० नंतरच्या दशकांत परदेशी शस्त्रांची खाजगी आयात बंद झाली. त्यामुळें देशांत आधींपासून असलेलीं जुनीं विलायती पिस्तुलें दुर्मिळ वस्तूंच्या भावानें विकलीं जाऊं लागलीं. केवळ नांवाला भुलून झिजलेलें जुनें शस्त्र घेणें यांत शहाणपण नाहीं. देशी मालाचें उदाहरण द्यावयाचें तर कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ च्या जानेवारींत 'निर्भीक' नांवाचें .३२ चें सहा गोळ्यांचें रिव्हॉल्व्हर काढलें. दिल्लीच्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठीं म्हणून त्याची प्रसिद्धि झाली. वजन सुमारें अर्धा किलो. किंमत त्या वेळीं सुमारें १,२२,००० रुपये. ज्या मजूर स्त्रीला अंधारांत एकटीनें घरीं परतावें लागतें, तिला ही रक्कम कोठून परवडावी, अशी टीका तेव्हांच झाली व ती यथार्थ होती. त्यांत काडतुसें, सराव, चामडी म्यान आणि भिंतींत पक्की बसविलेली कुलपाची लोखंडी पेटी यांचा खर्च मिळवावा, म्हणजे खरी किंमत कळते.

ही किंमत ऐकून कोणी गांवठी कट्ट्याकडे वळतो. सातपुड्यांत मध्यप्रदेशच्या सीमेवरील उमर्टी गांवाचें नांव या संदर्भात वर्तमानपत्रांतून वारंवार येतें. या मालाविषयीं दोनच गोष्टी सांगतों. कारखान्यांतील नळी ठराविक पोलादाची असते आणि विक्रीपूर्वीं अधिक दाबाचें काडतूस उडवून तिची परीक्षा घेतात. कट्ट्याची नळी हातीं लागेल त्या लोखंडाची. ती फुटली तर पहिला बळी धरणाऱ्याचा हात. दुसरी गोष्ट अशी कीं, विनापरवाना शस्त्र जवळ सांपडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पांच वर्षें कैद व दंड आहे. ज्या तरुणाच्या कंबरेला कट्टा मिळतो, त्याची नोकरी, त्याचें लग्न व त्याच्या बापाची अब्रू या तिन्हींवर पाणी पडतें.

आतां जबाबदारी. शस्त्र मोकळें खिशांत किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवूं नये. चाप पूर्ण झांकणाऱ्या म्यानांतच ठेवावें. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊं नये. घरीं शस्त्र एका कुलपांत व काडतुसें दुसऱ्या कुलपांत असावींत. ज्यांनीं जन्मभर मुलें पाहिलीं आहेत त्यांना हें सांगावयास नको कीं, घरांत मुलांना सांपडणार नाहीं अशी जागाच नसते. कुलूप मात्र असूं शकतें. चारचौघांत शस्त्र दाखविणें हा गुन्हा आहे. लग्नाच्या वरातींत आनंदानें गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीं होऊं शकतात. निवडणुकीच्या काळांत हुकूम आल्यास शस्त्र पोलिसांकडे जमा करावें लागतें. आणि परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मोकळीक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे. परंतु संकट टाळण्यास जेवढें आवश्यक तेवढेंच बळ वापरतां येतें. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठींत घातलेली गोळी या हक्कांत बसविणें कठीण.

गोळी काय करते हें नंदुरबारकरांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच गांवच्या रस्त्यावर बाल शिरीषकुमार व त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. सुटलेली गोळी परत बोलावतां येत नाहीं, एवढें तरी आपण त्यावरून ध्यानांत ठेवावें.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर असें. ज्यावर खरोखर धोका आहे, ज्याचें चित्त शांत आहे, ज्याच्या घरीं कुलपाची सोय आहे आणि जो नियमानें सराव करील, त्यानें रीतसर परवाना काढून नव्या देशी बनावटीचें .३२ चें सहा गोळ्यांचें रिव्हॉल्व्हर घ्यावें. बाकीच्यांनीं, म्हणजे आपणांपैकीं बहुतेकांनीं, रोकड बाळगण्याऐवजीं बँकेमार्फत व्यवहार करावा, पैसे नेण्याची वेळ व वाट रोज बदलावी, सोबत एक माणूस घ्यावा, मळ्यांत उजेड ठेवावा आणि प्रसंगीं ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावें. या उपायांना परवाना लागत नाहीं, आणि त्यांनीं कोणाच्या मुलाचा जीव जाण्याची भीति नाहीं.